आमच्या कॉटेजची एक भिंत, चुना आणि बाबा

त्या माणसाने भिंतीत ओल मोजायच्या मीटरच्या दोन सुया टोचल्या आणि मीटर कोकलायलाच लागला. "रायझिंग डॅम्प," तो म्हणाला, मयताला आल्यासारख्या आवाजात, म्हणजे जमिनीतून भिंतीत वर चढणारी ओल. मग बॅगेतून छापील फॉर्म काढला. भिंतीला खालच्या अंगाने ओळीने भोकं पाडायची, त्यात केमिकल भरायचं, आतला गिलावा मीटरभर उंचीपर्यंत काढून वॉटरप्रूफ सिमेंटचा करायचा, एकूण ४,८०० पाउंड, वर २० टक्के व्हॅट, आणि वीस वर्षांची गॅरंटी. मी पेन हातात घेतलं होतं, खरंच सांगते.

घर घेऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमधे, सिरेन्सेस्टरपासून गाडीने वीसेक मिनिटांवर एक खेडं आहे, म्हणजे कॉट्सवोल्ड्स, जिथे टुरिस्ट बसमधून उतरून दुसऱ्यांच्या खिडक्यांचे फोटो काढतात तोच भाग. नवरा स्विंडनला कामाला, मी घरून काम करते. आम्ही दोघं फ्लॅटमधे वाढलेले, त्यामुळे एजंटने लाकडी तुळया, माणूस आत उभा राहील एवढी मोठी चूल, दोन फुटी दगडी भिंती असलं सगळं दाखवल्यावर विरघळलो. वासाकडे दुर्लक्ष केलं. वाईला आजोळच्या वाड्यात पावसाळ्यात यायचा तसला तो वास, गोणीत राहून गेलेल्या बटाट्यांचा. पहिल्या थंडीत पश्चिमेच्या भिंतीला आतून पोपडे यायला लागले, पुस्तकांच्या कपाटामागे काळी बुरशी, आणि मग हा मीटरवाला आला.

सही राहिली ती शेजारच्या आजींमुळे. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्य असल्याच घरात गेलेलं. कुंपणावरून म्हणाल्या, आतून काय बघतेस, आधी बाहेरून बघ ना भिंत.

बाहेरून बघितलं. म्हणजे रोजच बघत होते, पण या वेळी खरोखर बघितलं. दगडांच्या मधल्या दरजा करड्या सिमेंटने भरलेल्या, कोणीतरी १९७० च्या आसपास हौसेने केलेलं काम, आणि नुसतं भरलेलं नाही तर दगडाच्या पुढे पट्टीसारखं काढलेलं. आणि मधले दगड? ते आत गेलेले. सिमेंट तसंच्या तसं शाबूत आणि दगड झिजून, भुगा होऊन मागे सरकलेला, त्यामुळे भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसत होती, कप्पे उभे आणि मध गायब. बोट फिरवलं तर पिवळी पूड हाताला.

हे का होतं ते नंतर कळलं, आणि कळल्यावर इतकं सोपं वाटलं की राग आला. असल्या भिंती म्हणजे एक सलग दगड नव्हे. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे खडी, माती, चुना, जे हाताला लागलं ते, आणि अधूनमधून दोन्ही थरांना बांधून ठेवणारा एखादा आरपार लांब दगड. पावसाचं पाणी या भिंतीत थोडं शिरणारच, ती शिरू देण्यासाठीच बांधलेली आहे म्हणा ना, कारण दरजेतला चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, वारं सुटलं की पाणी त्याच वाटेने बाहेर पडतं. झिजायचं ते चुन्याने, दगडाने नाही, आणि शंभरेक वर्षांनी चुना परत भरायचा. सिमेंट भरलं की ती वाट बंद. पाणी मग दगडातून बाहेर पडतं, थंडीत दगडातच गोठतं, आणि दगडाचा वरचा पापुद्रा उडवतं. उरलेलं आतल्या बाजूला येतं, माझ्या पुस्तकांकडे. मीटरबद्दल सांगायचं तर असल्या मीटरच्या सुया वीज किती वाहते ते मोजतात, आणि जुन्या भिंतीत क्षार साठलेले असले की तो ओल असेल त्यापेक्षा जास्तच ओरडतो. मधे खडी भरलेल्या भिंतीत केमिकल टोचून कुठे जाणार होतं ते तो माणूसच जाणे.

बाबांना फोन केला. बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, आयुष्य पूल आणि सरकारी क्वार्टर्समधे गेलं.

"चुना? अगं चुना पानाला लावतात. सिमेंट काढून चुना भरायचा हे मी पहिल्यांदा ऐकतोय."

"बाबा, इथे तसंच करतात."

"करू देत त्यांना. तू सिमेंट-वाळूचं एक-चारचं मॉर्टर घे, वर वॉटरप्रूफिंग कंपाउंड. आपल्या नातवंडांना बघायला लागणार नाही."

मी म्हटलं, बाबा, तुमचं पोर्टलंड सिमेंट निघालं १८२४ मधे, लीड्सच्या एका गवंड्याने पेटंट घेतलं, आणि हे घर त्याच्या तीनशे वर्षं आधीचं आहे. फोनवर जरा शांतता. मग "आईला देतो."

तर चुना भरायचा ठरवलं, पण ठरवून भागत नाही. घर लिस्टेड आहे, म्हणजे सरकारच्या संरक्षित जुन्या इमारतींच्या यादीत, ग्रेड टू, त्यातली सगळ्यात खालची श्रेणी. इंग्लंडमधे १७०० च्या आधीची, मूळ रूपात बऱ्यापैकी टिकलेली जवळजवळ सगळीच घरं या यादीत असतात, आणि यादीतल्या दहातल्या नऊहून जास्त इमारती ग्रेड टूच, त्यामुळे मिरवण्यासारखं फार काही नाही. पण लोकांना वाटतं की दर्शनी भागच लिस्टेड असतो, तसं नाहीये. आतलं बाहेरचं सगळं, मागचा जिना, दाराची कडीसुद्धा. घराचं स्वरूप बदलणारं काम परवानगीशिवाय केलं तर तो गुन्हा आहे, नुसता दंड भरून सुटण्यातला प्रकार नाही. मी आधी कौन्सिलला विचारून घेतलं. आम्हाला आख्ख्या भिंतीचं सिमेंट काढायचं होतं, वर आतला जिप्समचा गिलावाही, म्हणून अर्ज करा म्हणाले. अर्जाला फी नाही, हे ऐकून माझा पुणेरी जीव सुखावला (आजोळ वाईचं असलं तरी शिक्षण पुण्याचं). पण अर्जासोबत फोटो, मापं, आणि घराचं ऐतिहासिक महत्त्व काय आणि तुमच्या कामाने त्याला काय होईल याचं निवेदन लागतं. सरकारी यादीतला मजकूर होता चार ओळींचा: पंधराव्या शतकाचा शेवट किंवा सोळाव्याची सुरुवात, सतराव्यात बदल, एकोणिसाव्यात भर, चुनखडीचा दगड, दगडी कौलं. असल्या नोंदी पुष्कळदा रस्त्यावरून घर बघून केलेल्या असतात. म्हणून एका जाणकार बाईंना पैसे देऊन बोलावलं आणि त्या आल्या आल्या विचारतात काय, माळ्यावर जायची शिडी कुठाय?

माळ्यावर आम्ही घर घेतल्यापासून एकदा डोकावलो होतो, कोळ्यांची जाळी बघून परत. बाई हेडलॅम्प लावून वर गेल्या, आधी वटवाघळांच्या लेंड्या आहेत का ते बघितलं (असल्या तर वेगळं प्रकरण, ती कायद्याने संरक्षित आहेत), मग मला वर बोलावलं आणि म्हणाल्या, हे लाकूड पुसा बोटाने.

काळं. काजळासारखं गडद, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाचं असतं तसं काळं.

ती काजळीच होती. हे घर बांधलं तेव्हा धुराडंच नव्हतं. मधली मोठी खोली जमिनीपासून पार आढ्यापर्यंत उघडी, जमिनीवर मधोमध जाळ, आणि धूर आपला वर जाऊन छपराच्या फटींतून वाट काढणार. त्या धुराने वरची लाकडं काळी झाली ती आजतागायत. मग सतराव्या शतकात कोणीतरी दगडी धुराडं बांधलं, धूर एका कोपऱ्यात कोंडला, आणि आता वरची जागा रिकामीच आहे तर मधे तुळया टाकून पाटण घातलं. म्हणजे आमची झोपायची खोली जिथे आहे तिथे आधी दीडशे वर्षं नुसता धूर होता. त्या रात्री मला छताकडे बघत झोपच येईना.

आणि ती काळी लाकडंसुद्धा साधी नाहीत. क्रक म्हणतात त्याला. मुळातच वाकलेलं ओकचं झाड निवडायचं, उभं चिरून दोन सारख्या फाका करायच्या आणि समोरासमोर उभ्या करून वर जोडायच्या, जोडलेल्या हातांसारख्या. छपराचं वजन त्या फाका थेट खाली जमिनीकडे नेतात, भिंतीवर फारसं येत नाही. त्यामुळे भिंत पाडून नवीन बांधली तरी छपराला पत्ता लागत नाही. बाईंच्या मते आमच्याकडे नेमकं तेच झालेलं, छप्पर मध्ययुगीन आणि पुढची भिंत धुराड्याच्या वेळची. म्हणजे मी पाचशे वर्षांची म्हणून जिला कुरवाळत होते ती भिंत छपराची नात निघाली. पश्चिमेची मात्र जुनी असावी, दगड जास्त ओबडधोबड, मधे माती जास्त. झाडाच्या वर्तुळांवरून लाकूड कुठल्या साली तोडलं ते काढता येतं, पण आमच्या लाकडात वर्तुळं फार थोडी, भराभर वाढलेली झाडं, त्यामुळे तो नाद सोडला.

परवानगीला म्हणायला आठ आठवडे, लागले अकरा. अटी तीन. ग्राइंडर वापरायचा नाही, आधी एक चौरस मीटरचा नमुना करून कंझर्वेशन ऑफिसरला (जुन्या वास्तूंचं काम बघणारी कौन्सिलची अधिकारी) दाखवायचा, आणि काही जुनं सापडलं तर काम थांबवून कळवायचं. तिसरी अट मी नीट वाचलीच नव्हती.

एप्रिलच्या शेवटी आईबाबा आले. आईला तीन दिवसांत गाव पाठ, कोणाकडे कोंबड्या, कोणाची सून परत माहेरी. बाबा रोज सकाळी हात मागे बांधून पश्चिमेच्या भिंतीसमोर उभे राहायचे, साइटवर उभे राहायचे तसे, आणि काहीच बोलायचे नाहीत, जे बोलण्यापेक्षा वाईट.

म्हणून एका रविवारी त्यांना बायबरीला नेलं, आर्लिंग्टन रो बघायला. कोल्न नदीकाठची ती घरांची ओळ तुम्ही कॅलेंडरवर पाहिलेली असणार. ती मुळात घरं नव्हतीच. १३८० च्या सुमारास मठाचं लोकर ठेवायचं गोदाम म्हणून बांधलेली लांबच लांब इमारत, आणि सतराव्या शतकात मधे भिंती घालून, खिडक्या पाडून विणकरांसाठी घरं केली. समोरच्या पाणथळ कुरणावर कापड वाळत घालायचे. आता नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेची आहेत, आणि आत अजून लोक राहतात, बिचारे पडदे ओढून. बाकीचे फोटो काढत होते आणि बाबा छपराकडे बघत बोटं मोजत होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "खालचं कौल बघ आणि वरचं बघ."

मी एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. ही कौलं मातीची नाहीत, दगडाचे पातळ चिरे आहेत, आणि वळचणीला सगळ्यात मोठे, पाट बसायला घ्याल एवढे, तिथून वर प्रत्येक ओळीत थोडे थोडे लहान होत आढ्यापाशी तळहाताएवढे. "पाणी खाली येतं तसं वाढत जातं ना," बाबा म्हणाले, "मोठं कौल म्हणजे सांधे कमी. आणि खाणीतून येतील त्या मापाचे सगळे वापरले, वाया काही नाही." प्रत्येकाला वर भोक पाडून ओकची खुंटी ठोकलेली असते, त्या खुंटीवर ते रिपेला लटकतं. दगड सच्छिद्र, म्हणून छप्पर चांगलं उभट ठेवतात, पन्नास अंशांच्या आसपास, पाणी थांबताच कामा नये. स्टोन्सफील्ड नावाच्या गावचे चिरे तर थंडी फोडायची. दगड खाणीतून काढायचा, सुकू द्यायचा नाही, आणि कडाक्याचं गोठण पडलं की उघड्यावर ठेवायचा, आतलं पाणी गोठून दगड आपोआप पापुद्र्यांत सुटायचा. ज्या गोठण्याने माझी भिंत खाल्ली त्याच गोठण्याने यांची कौलं केली. बाबा परत येताना गाडीत म्हणाले, "माणसं हुशार होती." सिमेंटचं नाव काढलं नाही.

काम मेमधे सुरू झालं. चुन्याला थंडी चालत नाही, पाच अंशांच्या खाली गेलं की तो नीट धरत नाही, आणि धरायच्या आत गोठला तर भुसभुशीत होतो, म्हणून एप्रिल ते सप्टेंबर एवढाच हंगाम. गवंडी साठीचे, कमी बोलणारे, सोबत एक मुलगी शिकाऊ. छिन्नी-हातोडीने सिमेंट काढायचं म्हणजे काय असतं ते कळलं: दरजेच्या मधोमध छिन्नी लावायची, कडेला कधीच नाही, कडेला लावली की दगडाची धार उडते. काही ठिकाणी सिमेंट आख्खी पट्टी सुटून हातात यायचं आणि मागे ओली माती, चक्क गांडूळ निघालं एकदा, जमिनीपासून चार फुटांवर. दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोल साफ करायचं. मी सुट्टी घेऊन चार दिवस हे केलं, मनगट सुजलं, दीड चौरस मीटर झालं असेल.

निघालेला दगडाचा एक तुकडा गवंड्यांनी भिंगासोबत माझ्या हातात दिला. आत बारीक बारीक गोल दाणे, एकाला एक चिकटलेले. नवरा मालवणचा, त्याने भिंगातून बघितलं आणि म्हणाला, ही तर गाभोळी! आणि गंमत म्हणजे याला इथेही अंड्यांचा दगड अशाच अर्थाचं नाव आहे, ऊलाइट. साधारण सतरा कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता, त्यात शिंपल्याच्या कणांवर चुन्याचे थर चढत गेले आणि हे दाणे झाले. आपला वाईचा काळा पाषाण याच्यापुढे कालचं पोर.

मग चुना. मला वाटलेलं पिशवी फोडायची, पाणी घालायचं. गवंड्यांनी आणला कळीचा चुना. एका घमेल्याला तीन घमेली वाळू, गोल आळं करायचं, मधे चुना, वर पाणी. पहिला अर्धा मिनिट काहीच नाही. मग तडतड, मग खदखद, आणि वाफेचा लोट, आळं फुगायला लागलं, वाळूला तडे जाऊन त्यातून पांढरं वर यायला लागलं. सगळ्यांना गॉगल सक्तीचे, डोळ्यात उडालं तर डोळा जातो. बाबा मागे उभे होते ते एकदम पुढे आले. "अगं हे तर कळीचा चुना विझवतायत! घाणी कुठाय यांची?"

मग त्या माणसाला, ज्याला मराठीचा म सुद्धा माहीत नाही, बाबांनी हातवारे करून वाईची चुन्याची घाणी समजावली. गोल दगडी चर, मधे खुंट, दगडी चाक, रेडा गोल गोल फिरतोय, चरात चुना आणि वाळू, वरून गुळाचं पाणी. बाबा सहा-सात वर्षांचे असताना शेजारच्या वाड्याची भिंत अशी दुरुस्त झाली होती, आणि ते रेड्याच्या मागे मागे फिरायचे म्हणून आजीचा मार खाल्लेला. हे त्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. पन्नास वर्षं सिमेंटच्या हाताखाली गाडलं गेलं असणार. गवंडीकाका सगळं ऐकून एवढंच म्हणाले, गूळ? आणि खिशातल्या वहीत लिहून घेतलं.

भरल्यावर चुना लगेच सुकता कामा नये. तो सुकून नाही तर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगड होतो, आणि त्यासाठी आठवडाभर तरी ओलसर लागतो. भिंतीवर गोणपाट सोडायचं आणि ते ओलं ठेवायचं. इथे हेसियन म्हणून रोल मिळतो, किंमत बघून बाबांनी कपाळाला हात लावला आणि स्विंडनच्या इंडियन दुकानातून बासमतीची रिकामी ज्यूटची पोती आणायला लावली. तर आमच्या मध्ययुगीन भिंतीवर पंधरा दिवस बासमती तांदळाच्या जाहिराती. पोस्टमन थांबून वाचायचा. पाणी मारण्याची ड्यूटी बाबांची, सकाळी सहा, दहा, दोन, सहा, नोंद वहीत.

एका शनिवारी ते आईला घेऊन बाथला गेले आणि ड्यूटी माझ्याकडे आली. ऊन कडक, वारा, आणि मी एका कॉलवर अडकले, दोन तास. उजव्या कोपऱ्यातला दारवठ्याएवढा तुकडा पांढराफटक. सोमवारी गवंड्यांनी नखाने खरवडला तर खडूसारखी पूड. सगळा काढून परत भरला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त वहीत त्या दिवसासमोर लाल पेनाने माझं नाव.

आतला जिप्सम काढताना तिसऱ्या अटीची गाठ पडली. मोठ्या चुलीच्या डाव्या बाजूला गिलाव्यामागे विटांनी बुजवलेला चौकोन, आणि वीट काढली तर हातभर खोल कोनाडा. आई मागून म्हणाली, "देवळी." चुलीजवळ कोरडं राहावं म्हणून मीठ-मसाला ठेवायचे असले कोनाडे असतात म्हणे. काम थांबलं, कळवलं, ऑफिसर दहा दिवसांनी आली, फोटो काढले, उघडा ठेवायला हो म्हणाली. तिनेच चुलीवरच्या तुळईवरचे डाग दाखवले, थेंबाच्या आकाराचे, जळके. मला वाटायचं कोणाच्या तरी मेणबत्तीने चुकून लागलं. चुकून नाही, मेणबत्ती तिरकी धरून मुद्दाम जाळलेले, घराला आग लागू नये, वाईट काही धुराड्यातून उतरू नये म्हणून असावेत असं मानतात. आईला काहीच नवल वाटलं नाही. "दृष्ट काढलीय," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

खर्च? मीटरवाल्याच्या आकड्याच्या अडीचपट. लिस्टेड घरांत परवानगी घेऊन केलेल्या बदलांना पूर्वी व्हॅट माफ होता, २०१२ पासून तेही गेलं. त्यात बाहेरचं अंगण दगडी फरश्या टाकून टाकून आतल्या जमिनीपेक्षा वीतभर उंच झालेलं, ते खणून चर काढून खडी भरली, आणि माझा अंदाज असा की निम्मी ओल त्यानेच कमी झाली. पन्हळ गळत होती ती बदलायला ऐंशी पाउंड. हे सगळं मीटर लावायच्या आधी बघायला हवं होतं.

भिंत अजून पूर्ण सुकलेली नाही. महिन्याला साधारण एक इंच असा इथला ठोकताळा आहे, आणि भिंत दोन फूट, करा हिशोब. पण पोपडे थांबलेत, वास गेला, कपाटामागे मी दर रविवारी टॉर्च घेऊन बघते. देवळीत आईने गणपती ठेवलाय, समोर इथल्याच मिठाची बरणी.

बाबा दर आठवड्याला फोनवर विचारतात, कोपरा कसा आहे. तो माझा कोपरा. उत्तरेची भिंत पुढच्या मेमधे करायचीय, तिचा अर्ज परवा टाकला. पोती बाबा तिकडून आणतो म्हणालेत, वजनात बसली तर.